फॉर्टी एलिफंट्स

फॉर्टी एलिफंट्स (शब्दशः अर्थ 'चाळीस हत्ती') ही इंग्लंडमधील लंडन शहरात कार्यरत असलेली, केवळ स्त्रियांची गुन्हेगारी टोळी होती. फॉर्टी थीव्ह्ज म्हणजे 'चाळीस चोर' या नावानेही ती ओळखली जात असे. वृत्तपत्रांत या टोळीचे उल्लेख १८७३ पासून आढळतात आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिचे अस्तित्व टिकून होते. मोठ्या दुकानांतून कापड, लोकरी वस्त्रे, फरचे कोट, दागिने असा किमती माल गिऱ्हाईक म्हणून वावरत लांबवणे हा तिचा मुख्य उद्योग होता. त्याशिवाय खोट्या शिफारसपत्रांवर घरकामाची नोकरी मिळवून घरे लुटणे, धमकावून पैसे उकळणे आणि इतर चोरांकडून वाटा वसूल करणे हे प्रकारही टोळीकडून होत असत. मेरी कार (१८६२–१९२४) आणि ॲलिस डायमंड (१८९६–१९५२) या तिच्या सर्वांत प्रसिद्ध प्रमुख होत. दोघींनाही त्या काळी 'राणी' असे संबोधले जाई.

टोळीच्या भरभराटीच्या काळातील माहिती मुख्यतः पोलीस, न्यायालये आणि वृत्तपत्रे यांच्या नोंदींतून मिळते. या स्त्रियांचा स्वतःचा आवाज त्या नोंदींत अपवादानेच ऐकू येतो. त्यामुळे टोळीच्या इतिहासाभोवती आख्यायिकांचे दाट वलय निर्माण झाले असून कादंबरीकार, नाटककार आणि चित्रवाणी मालिकांचे निर्माते यांना या विषयाचे विशेष आकर्षण वाटत आले आहे.

नावाची व्युत्पत्ती

टोळीच्या नावाचा हत्ती या प्राण्याशी थेट संबंध नाही. टेम्स नदीच्या दक्षिणेस, सदर्क भागात 'एलिफंट अँड कॅसल' नावाचा मोठा चौक आहे. तेथे पूर्वी याच नावाची एक खाणावळवजा सराई होती आणि तिच्यावरून चौकाला व पुढे सभोवतालच्या वस्तीला हे नाव पडले. टोळीतील बहुतेक स्त्रिया या परिसरातील असल्यामुळे त्या 'एलिफंट्स' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. चोरलेला माल कपड्यांखाली दडवून बाहेर पडताना त्यांचे देह हत्तीसारखे अवाढव्य दिसत, म्हणून हे नाव पडले अशीही एक लोकप्रिय समजूत आहे.

'चाळीस' ही संख्या अलीबाबाच्या गोष्टीतील चाळीस चोरांची आठवण करून देणारी आहे. ती सभासदांची मोजून काढलेली संख्या मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात एकोणिसाव्या शतकात फॉर्टी थीव्ह्ज याच नावाची एक टोळी होती. तिचा लंडनच्या टोळीशी संबंध नव्हता.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दक्षिण लंडनमधील वस्ती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅम्बेथ, सदर्क आणि वॉटरलू हे दक्षिण लंडनमधील भाग दाट लोकवस्तीचे आणि मोठ्या प्रमाणावर गरीब होते. चार्ल्स बूथ या समाजसंशोधकाने लंडनमधील दारिद्र्याचे रस्तानिहाय नकाशे तयार केले. त्यांतील गडद रंगांच्या अनेक गल्ल्या याच परिसरात आढळतात. ज्यांना उपजीविकेचे साधन उरत नसे त्यांच्यासाठी 'वर्कहाउस' ही सार्वजनिक निराधारगृहे होती. तेथे कठोर श्रमाच्या आणि शिस्तीच्या मोबदल्यात अन्न व निवारा मिळे, आणि तेथे जावे लागणे ही मोठी नामुष्की समजली जाई. ॲलिस डायमंडचा जन्म १८९६ साली लॅम्बेथच्या वर्कहाउसला जोडलेल्या रुग्णालयात झाला. त्याच वर्षी सात वर्षांचा चार्ली चॅप्लिन आपली आई व भाऊ यांच्यासह दक्षिण लंडनमधील वर्कहाउसमध्ये दाखल झाला होता.

कष्टकरी स्त्रियांना मिळणारी कामे मर्यादित होती. इंग्लंड व वेल्समध्ये त्या काळी दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. शिवणकाम, धुलाई आणि कारखान्यांतील मजुरी हे इतर मार्ग. या सर्वांत कामाचे तास दीर्घ आणि मोबदला तुटपुंजा असे. विवाहानंतर स्त्रीची कमाई व मालमत्ता तिची स्वतःची मानण्याची कायदेशीर तरतूदही १८७० व १८८२ च्या कायद्यांनी झाली, तोवर त्यावर पतीचाच अधिकार असे.

नव्या दुकानांचा उदय

याच काळात नदीच्या पलीकडे, वेस्ट एंड भागात, खरेदीचे एक नवे जग उभे राहत होते. जुन्या पद्धतीच्या दुकानात माल मागच्या फळ्यांवर असे आणि गिऱ्हाइकाने मागितल्यावर विक्रेता तो काढून दाखवी. विभागवार मांडणी असलेल्या भव्य दुकानांनी ही रीत बदलली. गिऱ्हाइकाने आत यावे, हिंडावे, वस्तू हाताळाव्यात आणि हाताळता हाताळता मोहात पडावे, हेच त्यांचे धोरण होते. १९०९ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सुरू झालेल्या सेल्फ्रिजेस या दुकानाने खुल्या मांडणीचे हे तत्त्व विशेष पुढे नेले.

ही दुकाने स्त्रियांना घराबाहेर, पुरुषाच्या सोबतीवाचून, प्रतिष्ठितपणे वावरता येईल अशा मोजक्या जागांपैकी होती. तेथील सेवकवर्गाला गिऱ्हाइकाशी अत्यंत अदबीने वागण्याची शिकवण दिलेली असे. उंची वस्त्रे ल्यालेल्या स्त्रीवर संशय घेणे, तिला अडवणे किंवा तिची झडती घेणे हे धाडसाचे काम होते. संशय खोटा ठरल्यास दुकानाची बदनामी होई आणि सेवकाची नोकरी जाण्याची भीती असे. फॉर्टी एलिफंट्सचा सारा उद्योग या अदबीच्या आणि संकोचाच्या आधारावर उभा होता.

कार्यपद्धती

पोशाख आणि साधने

लंडनच्या चोरांच्या बोलीत दुकानातून माल उचलण्याला 'हॉइस्टिंग' आणि असे करणाऱ्या व्यक्तीला 'हॉइस्टर' म्हणत. टोळीतील स्त्रिया यासाठी खास शिवून घेतलेले कपडे वापरीत. कोट, घागरे, कमरपट्टे, आतील विजारी, टोप्या आणि हात उबदार ठेवण्यासाठी वापरायच्या फरच्या पोकळ वेष्टनांतही चोरकप्पे असत. व्हिक्टोरियन काळातील घेरदार, पायघोळ वस्त्रे या कामाला सोयीची होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कपडे आखूड व सुटसुटीत झाले, तेव्हा सैल कोट आणि आतील विजारींतील कप्प्यांवर अधिक भर द्यावा लागला. रेशमी कापड आणि फर घट्ट गुंडाळून दडवण्याचे कौशल्य नव्या मुली अनुभवी स्त्रियांकडून शिकत. दागिन्यांच्या दुकानात खरा नग पाहायला घेऊन त्याच्या जागी हुबेहूब नकली नग ठेवण्याची युक्तीही वापरली जाई.

सामूहिक धाड

एकटीदुकटीने चोरी करण्यापेक्षा गटाने धाड घालणे हे टोळीचे वैशिष्ट्य होते. अनेक स्त्रिया एकाच वेळी, परंतु एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या, दुकानाच्या निरनिराळ्या विभागांत शिरत. काही जणी विक्रेत्यांना बोलण्यात गुंतवून ठेवीत, एखादी मुद्दाम गोंधळ माजवी आणि तेवढ्या अवधीत इतर जणी माल दडवीत. संशयित स्त्रीचा पाठलाग सुरू झाल्यास दुसरी वाटेत आडवी येई. पुष्कळदा माल लांबवणारी स्त्री तो बाहेर पडण्यापूर्वीच साथीदारणीकडे सोपवी. त्यामुळे झडती झाली तरी तिच्यापाशी काही सापडत नसे.

वेस्ट एंडमधील दुकानदार व गुप्तहेर चेहरे ओळखू लागले, तेव्हा टोळीने इतर शहरांकडे व समुद्रकाठच्या गावांकडे मोर्चा वळवला. रेल्वेने जाताना रिकाम्या असलेल्या पेट्या परतताना भरलेल्या असत. १९२०च्या दशकात वेगवान मोटारगाड्यांची त्यात भर पडली.

मालाची विल्हेवाट

चोरलेला माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांचे जाळे टोळीच्या हाताशी होते. कपड्यांवरील दुकानाच्या चिठ्ठ्या काढून, काही वेळा शिवण बदलून, ते लहान दुकानांत, गहाणवटीच्या पेढ्यांवर व बाजारांत विकले जात. दक्षिण लंडनच्या वस्त्यांतील अनेक कुटुंबांना त्यांच्या ऐपतीबाहेरचे कपडे याच मार्गाने स्वस्तात मिळत. वस्तीत टोळीविषयी जी सहानुभूती होती, तिचे हे एक व्यावहारिक कारण होते.

घरकामाच्या मिषाने चोरी

टोळीतील काही स्त्रिया खोटी शिफारसपत्रे दाखवून श्रीमंत घरांत मोलकरीण म्हणून शिरत आणि संधी मिळताच मौल्यवान वस्तू घेऊन नाहीशा होत. चांगल्या वर्तणुकीचे शिफारसपत्र हेच त्या काळी नोकराचे भांडवल असे. खोटे शिफारसपत्र देणे वा वापरणे हा १७९२ च्या कायद्याने दंडनीय अपराध होता. या प्रकाराचा फटका मालकांइतकाच प्रामाणिक मोलकरणींनाही बसे, कारण अशा प्रत्येक घटनेनंतर नव्या मोलकरणीकडे संशयाने पाहिले जाई.

अंतर्गत नियम

टोळीचे काही अलिखित नियम होते. त्यांना 'हॉइस्टर्स कोड' म्हटले जाते. त्यांची माहिती प्रामुख्याने लेखक ब्रायन मॅक्डॉनल्ड यांच्या लेखनातून मिळते. धाडीच्या आदल्या रात्री मद्यपान करू नये व वेळेवर झोपावे, मिळालेल्या उत्पन्नाची वाटणी सहभागी झालेल्या सर्वांत करावी, एकमेकींच्या वस्तू चोरू नयेत, दुसरीच्या पतीवर वा प्रियकरावर डोळा ठेवू नये, पकडल्या गेलेल्या साथीदारणीसाठी ती त्या वेळी अन्यत्र होती अशी साक्ष द्यावी आणि पोलिसांना कोणतीही मदत करू नये, असे त्यांचे स्वरूप होते. चोरलेले कपडे स्वतः वापरू नयेत, हा नियम विशेष व्यवहारी होता. अंगावरचा कपडा हा न्यायालयात सर्वांत सोपा पुरावा ठरला असता. तुरुंगात गेलेल्या सभासदांच्या कुटुंबांना आर्थिक साहाय्य केले जाई.

या नियमांना दुसरी बाजूही होती. टोळीच्या हद्दीत स्वतंत्रपणे चोरी करणाऱ्यांकडून उत्पन्नाचा वाटा मागितला जाई आणि नकार देणाऱ्यांना मारहाण होई. टोळी सोडणे किंवा तिच्या संमतीवाचून बाहेरच्या पुरुषाशी संबंध जोडणे ही बेइमानी समजली जात असे. परस्परांना आधार देणारी ही संघटना तिच्या सभासदांच्या खासगी आयुष्यावरही कठोर नियंत्रण ठेवीत होती.

पुरुषांशी संबंध

एलिफंट अँड कॅसल मॉब ही पुरुषांची टोळी त्याच परिसरात होती आणि मॅक्डॉनल्ड बंधू तिचे प्रमुख होते. दोन्ही टोळ्यांत नातेसंबंध व सहकार्य होते. वाहन चालवणे, माल हलवणे आणि संरक्षण देणे अशी कामे पुरुष करीत. तथापि धाडींची आखणी, सभासदांची निवड आणि वाटणी ही सूत्रे स्त्रियांच्या हाती होती. अनेक घरांत स्त्रीच मुख्य कमावती होती. गुन्हेगारी जगात स्त्रिया पुरुषांच्या केवळ साहाय्यक असतात, या रूढ समजुतीला हे उदाहरण छेद देते. गुन्हेगारीच्या अभ्यासकांना या टोळीविषयी वाटणाऱ्या आस्थेचे हेच प्रमुख कारण आहे.

प्रमुख स्त्रिया

मेरी कार

मेरी कार ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील टोळीची प्रमुख होती. तिच्या देखणेपणाचा आणि उंची राहणीचा उल्लेख तत्कालीन वृत्तान्तांत वारंवार येतो. वृत्तपत्रांनी तिला 'चाळीस चोरांची राणी' ही पदवी बहाल केली होती. १८९६ साली एका लहान मुलाच्या अपहरणाच्या प्रकरणात तिला तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. हा मुलगा एप्सम येथील घोड्यांच्या शर्यतींच्या ठिकाणाहून नेण्यात आला होता. टोळीच्या कथा रंगवून सांगताना हे प्रकरण बऱ्याचदा ओझरते उल्लेखिले जाते. मात्र श्रीमंत दुकानदारांखेरीज इतरांनाही टोळीचा उपद्रव होत असे, हे त्यावरून दिसून येते.

ॲलिस डायमंड

ॲलिस डायमंडचा जन्म २२ जून १८९६ रोजी लॅम्बेथ येथे झाला. तिचे वडीलही गुन्हेगारी जगाशी संबंधित होते. किशोरवयातच तिला चोरीसाठी शिक्षा झाल्या. सुमारे पाच फूट आठ इंच उंचीची ॲलिस त्या काळच्या कष्टकरी स्त्रियांत उठून दिसे. बोटांत हिऱ्यांच्या अनेक अंगठ्या घालण्याच्या सवयीमुळे ती 'डायमंड ॲनी' म्हणून ओळखली जाई. मारामारीत या अंगठ्या शस्त्रासारख्या वापरल्या जात, असे सांगितले जाते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिने टोळीची सूत्रे हाती घेतली आणि तिच्या नेतृत्वाखाली टोळी अधिक शिस्तबद्ध झाली. स्वतंत्र गटांची विभागणी, इतर शहरांवरील धाडी आणि मोटारगाड्यांचा वापर ही तिच्या कारकिर्दीची वैशिष्ट्ये होत. पहिल्या महायुद्धानंतरच्या या काळात टोळीतील स्त्रियांच्या मेजवान्या आणि झगमगती राहणी यांची बरीच चर्चा होई.

मॅगी ह्यूज

माहेरची मॅगी हिल असलेली मॅगी ह्यूज ही ॲलिसची निकटची सहकारी होती. गोंडस चेहऱ्यामुळे तिला 'बेबी फेस मॅगी' म्हणत. १९२३ साली दागिन्यांच्या दुकानातून हिऱ्यांच्या अंगठ्यांचे तबक घेऊन पळताना ती थेट पोलिसाच्या हाती सापडली. १९४० व १९५० च्या दशकांत लंडनच्या गुन्हेगारी जगतात प्रबळ झालेला बिली हिल (१९११–१९८४) हा तिचा धाकटा भाऊ होय.

लॅम्बेथची दंगल

डिसेंबर १९२५ मध्ये घडलेली लॅम्बेथची दंगल ही टोळीच्या इतिहासातील निर्णायक घटना होय. प्रचलित वृत्तान्तानुसार मारी ब्रिटन या तरुण सभासदाने टोळीच्या संमतीवाचून बाहेरच्या पुरुषाशी संबंध जोडला होता. नाताळापूर्वीच्या एका मेजवानीत या प्रश्नावरून वाद झाला. त्याच रात्री ॲलिस डायमंड व मॅगी ह्यूज यांच्या पुढाकाराने स्त्री-पुरुषांचा मोठा जमाव ब्रिटन कुटुंबाच्या लॅम्बेथमधील घरावर चालून गेला. दगड व बाटल्यांचा मारा झाला, मोडतोड झाली आणि मारीचे वडील जखमी झाले.

या प्रकरणाचा खटला १९२६ साली ओल्ड बेली न्यायालयात चालला. ॲलिस डायमंडला अठरा महिन्यांच्या आणि मॅगी ह्यूजला एकवीस महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. दुकानांतील असंख्य चोऱ्यांनी जे साधले नव्हते ते या एका रात्रीने साधले. टोळीच्या दोन्ही प्रमुख स्त्रिया एकाच वेळी तुरुंगात गेल्या आणि तिची पूर्वीची एकजूट पुन्हा तशीच उभी राहिली नाही. ज्या नियमाने टोळी बांधून ठेवली होती, त्याचीच अंमलबजावणी तिच्या ऱ्हासाचे कारण ठरली.

कायदा आणि वर्गभेद

दुकानातील चोरीविषयी इंग्लंडच्या कायद्याचा इतिहास कठोर होता. १६९९ च्या कायद्यानुसार दुकानातून पाच शिलिंग वा त्याहून अधिक किमतीचा माल चोरणे हा मृत्युदंडास पात्र अपराध होता. सर सॅम्युएल रॉमिली या कायदेसुधारकाने १८१० पासून ही शिक्षा रद्द करण्यासाठी संसदेत प्रयत्न केले. ती प्रत्यक्षात १८२०च्या दशकात संपुष्टात आली. फॉर्टी एलिफंट्सच्या काळात अशा गुन्ह्यासाठी कारावास होई आणि पूर्वीच्या शिक्षा असल्यास त्याची मुदत वाढे. १९०३ पासून केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवलेला उत्तर लंडनमधील हॉलोवे तुरुंग लंडनच्या स्त्री-गुन्हेगारांना चांगलाच परिचित होता. पुढे मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनाही तेथेच ठेवण्यात आले.

दुकानांत चोरी करणाऱ्या सर्व स्त्रियांना कायदा एकाच मापाने मोजत नव्हता. सुखवस्तू घरातील स्त्रीने चोरी केल्यास ती 'क्लेप्टोमेनिया' अर्थात चौर्योन्माद या मनोविकाराने ग्रस्त असल्याचा बचाव केला जाई आणि न्यायालये तो बऱ्याचदा सहानुभूतीने विचारात घेत. पैशाची गरज नसताना चोरी करते, म्हणजे ती आजारी असली पाहिजे, असा या बचावाचा युक्तिवाद होता. गरजू स्त्रीला तो अर्थातच उपलब्ध नव्हता.

१८९६ सालचे एला कॅसल प्रकरण हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. सॅन फ्रान्सिस्कोतील एका धनाढ्य व्यापाऱ्याची पत्नी असलेली एला कॅसल पतीसह लंडनला आली असताना तिने अनेक दुकानांतून फर व इतर वस्तू चोरल्याचे उघडकीस आले. तिने गुन्हा कबूल केला. तिला तीन महिन्यांची शिक्षा झाली, परंतु वैद्यकीय कारणास्तव गृहमंत्र्यांच्या आदेशाने काही दिवसांतच तिची सुटका करण्यात आली. मेरी कारला तीन वर्षांची शिक्षा झाली ती याच वर्षी. दोघींचे अपराध वेगळे होते आणि अपहरणाची तुलना चोरीशी करता येणार नाही. तथापि एकीच्या वर्तनाचा उलगडा वैद्यकशास्त्राच्या भाषेत आणि दुसरीच्या वर्तनाचा उलगडा चारित्र्याच्या भाषेत केला गेला, ही बाब त्या काळच्या न्यायदृष्टीविषयी पुरेशी बोलकी आहे.

दुसऱ्या बाजूने पाहता, टोळीच्या चोऱ्यांची झळ केवळ धनिकांनाच बसत होती असे नाही. दुकानांतील विक्रेत्या मुली कष्टकरी व कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबांतील असत. अनेक ठिकाणी त्यांना मालकाने पुरवलेल्या निवासात राहून, दंडाच्या लांबलचक नियमावलीखाली काम करावे लागे. माल नाहीसा झाल्यावर संशयाची पहिली नजर त्यांच्याकडे वळे. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या रॉबिन हूडशी या टोळीची तुलना म्हणूनच मर्यादित अर्थानेच खरी ठरते.

उत्तरकाळ आणि ऱ्हास

१९२६ नंतरही दक्षिण लंडनमधील स्त्रियांचे गट हा उद्योग करीत राहिले, मात्र एकछत्री नेतृत्व उरले नाही. दुसऱ्या महायुद्धात मे १९४१ मधील हवाई हल्ल्यांत एलिफंट अँड कॅसल परिसराची प्रचंड हानी झाली. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ या काळात कपड्यांवर नियंत्रण होते आणि ते कूपनांवर मिळत. साहजिकच काळ्या बाजारातील कपड्यांना मोठी मागणी होती. ॲलिस डायमंडचा १९५२ साली वयाच्या ५५ व्या वर्षी मृत्यू झाला.

शर्ली पिट्स (१९३४–१९९२) ही या परंपरेतील अखेरची ख्यातनाम स्त्री मानली जाते. तिने लहानपणीच दुकानांतील चोरीचे धडे घेतले आणि पुढे ती 'चोरांची राणी' म्हणून प्रसिद्ध झाली. तिने सांगितलेल्या आठवणींच्या आधारे लॉरेन गॅमन यांनी लिहिलेले 'गॉन शॉपिंग' हे चरित्र १९९६ साली प्रकाशित झाले. गॅमन यांनी पुढे लंडनमध्ये गुन्ह्यांना आळा घालणाऱ्या वस्तुरचनेच्या संशोधनाचे केंद्र स्थापन केले. चोरांच्या अनुभवाचा उपयोग चोरी रोखण्यासाठी व्हावा, हा या अभ्यासातून पुढे आलेला एक अनपेक्षित परिणाम होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेहळणी करणारे कॅमेरे, मालावरील इलेक्ट्रॉनिक खुणा आणि प्रशिक्षित सुरक्षारक्षक यांमुळे जुन्या पद्धती निरुपयोगी ठरत गेल्या. युद्धानंतरच्या पुनर्रचनेत एलिफंट अँड कॅसलच्या जुन्या वस्त्याही नाहीशा झाल्या. तेथे १९६५ साली उभारलेले व्यापारी संकुल २०२० साली बंद करण्यात आले आणि त्यानंतर पाडण्यात आले.

इतिहासाची साधने

ओल्ड बेली न्यायालयातील खटल्यांचे छापील वृत्तान्त १६७४ ते १९१३ या काळातील उपलब्ध आहेत. मेरी कारच्या पिढीचा अभ्यास करताना त्यांचा उपयोग होतो. ॲलिस डायमंडचा १९२६ सालचा खटला मात्र ही मालिका बंद झाल्यानंतरचा असल्यामुळे त्यासाठी वृत्तपत्रे व सरकारी कागदपत्रे यांवर विसंबावे लागते. वृत्तपत्रांना 'राणी', 'हिरे' आणि 'टोळी' या शब्दांचे आकर्षण असल्याने त्यांतील तपशील पारखून घ्यावे लागतात. शिवाय टोळीतील स्त्रिया वारंवार टोपणनावे वापरीत. एकाच स्त्रीचे खटले निरनिराळ्या नावांखाली आढळतात.

ब्रायन मॅक्डॉनल्ड यांची पुस्तके, विशेषतः २०१५ साली प्रसिद्ध झालेले 'ॲलिस डायमंड अँड द फॉर्टी एलिफंट्स', ही या विषयावरील सर्वाधिक वापरली जाणारी साधने आहेत. लेखक मॅक्डॉनल्ड घराण्यातीलच असल्यामुळे त्यांना कौटुंबिक आठवणींचा लाभ झाला. अशा आठवणींतून कागदपत्रांत न सापडणारे बारकावे मिळतात, तसेच घरात पुनःपुन्हा सांगितल्या गेलेल्या कथांची अतिशयोक्तीही त्यांत उतरू शकते. केटलिन डेव्हिस यांचे 'क्वीन्स ऑफ द अंडरवर्ल्ड' (२०२१) हे पुस्तक स्त्री-गुन्हेगारांच्या व्यापक इतिहासात या टोळीचे स्थान दाखवते.

साहित्य, रंगभूमी आणि चित्रवाणी

लंडनच्या रंगभूमीवर स्त्री-चोरांच्या चित्रणाची परंपरा जुनी आहे. मेरी फ्रिथ ऊर्फ मॉल कटपर्स या सतराव्या शतकातील खऱ्या स्त्रीवर टॉमस मिडल्टन व टॉमस डेकर यांनी लिहिलेले 'द रोअरिंग गर्ल' हे नाटक १६११ साली छापले गेले. जॉन गे यांच्या 'द बेगर्स ऑपेरा' (१७२८) या संगीतिकेत लंडनमधील चोर, वेश्या आणि तुरुंगाधिकारी यांचे जग उपहासाने उभे केले आहे. तिच्या आधारे बर्टोल्ट ब्रेख्त यांनी १९२८ साली रचलेल्या नाट्यकृतीवरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' हे मराठी नाटक लिहिले. चोरांच्या व्यवहारात प्रतिष्ठितांच्या व्यवहाराचे प्रतिबिंब पाहण्याची ही दृष्टी फॉर्टी एलिफंट्सवरील आधुनिक कलाकृतींतही आढळते.

एरिन ब्लेडसो यांची 'द फॉर्टी एलिफंट्स' ही कादंबरी २०२२ साली प्रकाशित झाली. स्टीव्हन नाइट यांनी निर्माण केलेल्या 'अ थाउजंड ब्लोज' (२०२५) या मालिकेमुळे टोळीचे नाव जगभर पोहोचले. तीत एरिन डोहर्टी यांनी मेरी कारची भूमिका केली आहे. मालिकेचा काळ १८८०च्या दशकातील असून तीत मेरी कारच्या टोळीत ॲलिस डायमंड हे पात्रही दाखवले आहे. प्रत्यक्षात ॲलिसचा जन्म १८९६ सालचा असल्यामुळे ही कालगणना ऐतिहासिक नाही. दोन पिढ्यांतील प्रसिद्ध व्यक्तींना नाट्यपूर्णतेसाठी एकत्र आणल्याचे ते उदाहरण होय.

एकपात्री नाट्याविष्कारासाठीही हा विषय निवडला गेला आहे. एकाच अभिनेत्रीने अनेक जणींची रूपे धारण करणे हे या विषयाच्या स्वरूपाशी जुळणारे आहे, कारण या स्त्रियांचे कौशल्यच मुळात अभिनयाचे होते. दक्षिण लंडनच्या गल्लीतील मुलगी वेस्ट एंडच्या दुकानात श्रीमंत गिऱ्हाईक म्हणून वावरे, धनिकाच्या घरी नम्र मोलकरीण होई आणि न्यायालयात निराळ्याच नावाने उभी राही. एकपात्री प्रयोगात पात्र प्रेक्षकांशी प्रथमपुरुषी एकवचनात बोलते. ज्या स्त्रियांचे शब्द फिर्यादी, साक्षीदार आणि बातमीदार यांच्यामार्फतच नोंदले गेले, त्यांना रंगमंचावर 'मी' म्हणण्याची संधी या प्रकारातून मिळते. हे बोलणे नाटककाराने कल्पिलेले असते. त्यामुळे अशा कलाकृतींकडे इतिहासाचे साधन म्हणून न पाहता इतिहासातील रिकाम्या जागेचे भान देणारे लेखन म्हणून पाहणे योग्य ठरते.

मूल्यमापन

फॉर्टी एलिफंट्सविषयी दोन टोकांची मते आढळतात. एका मतानुसार या स्त्रियांनी दारिद्र्य आणि पुरुषी वर्चस्व यांविरुद्ध आपल्या परीने बंड केले व स्वतःच्या हिमतीवर आर्थिक स्वातंत्र्य मिळवले. दुसऱ्या मतानुसार ती खंडणी, मारहाण आणि चोरी यांवर जगणारी इतर टोळ्यांसारखीच एक टोळी होती. उपलब्ध पुरावा दोन्ही मतांना काही प्रमाणात आधार देतो. टोळीने तिच्या सभासदांना उत्पन्न, मान आणि संकटकाळी आधार दिला, जो त्यांना अन्यत्र क्वचितच मिळाला असता. त्याच टोळीने मारी ब्रिटनला स्वतःच्या मर्जीने जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य नाकारले. वेस्ट एंडच्या दुकानांतील चोऱ्यांइतकेच लॅम्बेथमधील त्या रात्रीचे स्मरण ठेवल्याखेरीज या टोळीचे चित्र पूर्ण होत नाही.